घरच्या कार्यक्रमातला डीजे आणि तुमचे कान: बेस-टॉप कुठे ठेवावेत, कोणाला कुठे बसवावे

लग्नसराईत आणि गणपतीच्या दिवसांत कान-नाक-घशाच्या ओपीडीत एक ठरावीक तक्रार येते. "काल हळदीला नाचलो. रात्री आडवे झाल्यावर कानात शिट्टी वाजत होती, ती अजून थांबलेली नाही." कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला रातकिड्यांची किरकिर, तर कोणाच्या कानाला नुसते दडे बसलेले असतात. आवाज किती होता, हे विचारून काही उपयोग होत नाही, कारण ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो: तुम्ही उभे कुठे होता? याचे उत्तर मात्र लगेच मिळते: डीजेच्या समोर, स्पीकरला खेटून, किंवा दोन डब्यांच्या मधोमध.

डीजे म्हटला की घराघरांत वाद होतो तो आवाज कमी-जास्त करण्यावरून. पण कानापर्यंत पोहोचणारा आवाज फक्त मिक्सरच्या बटणावर ठरत नाही. टॉप किती उंचीवर आहे, बेसचे डबे एकत्र आहेत की दोन टोकांना, मागे भिंत आहे की मोकळे मैदान, आणि तुमची खुर्ची कुठे मांडली आहे, यांवरही तो तितकाच ठरतो. या गोष्टी टेम्पोतून सामान उतरत असताना दहा मिनिटांत बदलता येतात. गाणी सुरू झाल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही.

छातीत बसते ते वेगळे, कान बिघडवते ते वेगळे

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये येणाऱ्या डीजेकडे साधारणपणे दोन प्रकारचे डबे असतात. जमिनीवर ठेवलेले मोठे, बहुतेक वेळा अठरा इंची शंकू असलेले डबे म्हणजे सबवूफर. साऊंडवाले त्यांना बेस म्हणतात. ढोलाचा ठोका आणि गाण्यातली धडधड, म्हणजे साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या खालचे आवाज, हे डबे देतात. त्यांच्यावर किंवा स्टँडवर असतात ते टॉप. गायकाचा आवाज, टाळी, ताशा, झांज, सगळे तिखट आवाज त्यांतून येतात.

बेस अंगाला जाणवतो. छाती हलते, खिडकीच्या काचा थरथरतात, म्हणून लोकांना भीती बेसची वाटते. कानाचे नुकसान मात्र बहुतांशी टॉपमधून होते. आपल्या कानाच्या नळीची रचनाच अशी आहे की ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आणखी वाढवून आत पाठवते. त्यामुळे मोठ्या आवाजाची पहिली झळ आतल्या कानाच्या ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या भागाला लागते. श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झजवळ खाच पडलेली दिसली की आम्ही डॉक्टर आधी आवाजाच्या संपर्काची चौकशी करतो. ती यामुळेच.

याचा व्यवहारातला अर्थ असा. घरातले मोठे जाऊन सांगतात, "जरा बेस कमी कर रे." ऑपरेटर बेस थोडा उतरवतो, धडधड कमी होते, सगळ्यांना बरे वाटते आणि टॉप होते तसेच कानात ओरडत राहतात. उलट, बेस फारच चढवला की गाण्याचे शब्द त्यात बुडतात, मग ते ऐकू यावेत म्हणून टॉप वाढवला जातो. तेव्हा सांगायचेच असेल तर "मास्टर खाली घे" असे सांगा. आणि कार्यक्रमात मोजून एकच गोष्ट टाळणे शक्य असेल, तर टॉपच्या तोंडासमोर, कानाच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर उभे राहणे टाळा.

अंतर दुप्पट, वेळ चौपट

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. आवाजातली ऊर्जा दुप्पट झाली तरी आकडा फक्त ३ ने वाढतो. अमेरिकेतील 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा मानते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटे. १०६ ला चार मिनिटेसुद्धा पूर्ण मिळत नाहीत.

आता दुसरा नियम जोडा. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समजा टॉपपासून १ मीटरवर ११२ डेसिबल आहेत. डीजेसाठी हा आकडा मुळीच मोठा नाही. मग २ मीटरवर १०६, ४ मीटरवर १००, ८ मीटरवर ९४ आणि १६ मीटरवर ८८. वरच्या वेळा याला लावून पाहा. टॉपला खेटून नाचणाऱ्याची दिवसभराची मर्यादा एका मिनिटात संपते, ४ मीटरवरच्याला १५ मिनिटे मिळतात, ८ मीटरवरच्याला एक तास, १६ मीटरवर बसलेल्याला चार तास. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट होते. एवढे स्वस्त औषध आमच्याकडे दुसरे नाही.

फक्त हे मोकळ्या मैदानाचे गणित आहे. पत्र्याचा मंडप, फरशी आणि काचा असलेला हॉल, स्लॅबखालचे पार्किंग अशा ठिकाणी काही मीटरनंतर आवाज उतरायचा थांबतो, कारण भिंती तो परत फेकतात. अशा हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसूनही फारसा फरक पडत नाही. तिथे दाराबाहेर किंवा वेगळ्या खोलीत बसण्याची सोय लागते.

सामान उतरत असताना काय सांगायचे

टॉप स्टँडवर चढवायला लावा. पुष्कळदा घाईत ते बेसच्या डब्यावरच ठेवले जातात आणि त्यांचे तोंड बरोबर नाचणाऱ्यांच्या कानाच्या पातळीवर येते. मग पहिल्या रांगेतल्या माणसाचा कान टॉपपासून एका मीटरवर, शेवटच्या रांगेतला आठ मीटरवर. दोघांमधला फरक १८ डेसिबलचा. मागच्यांना ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला की पुढचे भाजून निघतात. तोच टॉप डोक्याच्या बराच वर नेला आणि किंचित खाली झुकवून मागच्या रांगांकडे रोखला, तर त्याचा तिखट झोत पुढच्यांच्या डोक्यावरून जातो. टॉपमधला वरच्या सुरांचा भोंगा टॉर्चसारखा असतो. त्याच्या झोतातून बाजूला झालात की आवाज कमी होतो. मागच्यांना नीट ऐकू आले की एकूण आवाज चढवायची गरजही राहत नाही.

बेसचे वागणे टॉर्चसारखे नसते. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढी मोठी लहर डब्याला वळसा घालून मागेही जवळपास तितक्याच जोराने जाते. त्यामुळे "आम्ही मागे बसलो होतो, आम्हाला काय होणार" हे टॉपच्या बाबतीत बरेचसे खरे, बेसच्या बाबतीत नाही. स्टेजच्या मागच्या खोलीत नवजात बाळाला झोपवले जाते, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

दोन बेस असतील तर ते बहुतेक ठिकाणी शोभेसाठी स्टेजच्या दोन टोकांना ठेवतात. दिसायला छान. पण दोन्हीकडून येणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात आणि कुठे एकमेकींना मारतात. मैदानात पट्टे पडतात: मधोमध बेस जबरदस्त, दोन पावले बाजूला गेले की तो गायब. ऑपरेटरचे टेबल नेमके कमी बेसच्या पट्ट्यात असेल, तर तो बिचारा बेस वाढवत राहतो आणि मधल्या पट्ट्यातल्यांना त्याचा मार बसतो. दोन्ही डबे एकमेकांना चिकटवून एकाच जागी ठेवले तर बेस सगळीकडे सारखा पसरतो आणि तेवढ्याच अँप्लिफायरवर जास्त मिळतो, म्हणजे कमी ताकदीत काम भागते. अनुभवी साऊंडवाल्यांना हे माहीत असते, फक्त त्यांना तसे करायला कोणी सांगत नाही, कारण यजमानाला दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या हव्या असतात.

भिंत आणि कोपरा हीसुद्धा अशीच गोष्ट. जमिनीवर, मागे भिंत असलेल्या जागी ठेवलेला बेस जास्त वाजतो. कोपऱ्यात आणखी जास्त, कारण आवाजाला पसरायला जागाच कमी उरते. छोट्या कार्यक्रमात या फुकटच्या जोराचा फायदा घेऊन बटण खाली ठेवता येते. अट एकच: भिंतीच्या पलीकडे कोणाची झोपायची खोली नको. सोसायटीत ही अट नेमकी मोडते. बेस ज्या भिंतीला टेकवला आहे तिच्या दुसऱ्या बाजूला अर्धांगवायूचा रुग्ण किंवा नुकती बाळंत झालेली बाई असू शकते. डबे उतरवण्याआधी पलीकडे कोण राहते हे विचारून घ्या.

तीन बेस आणि जाणता ऑपरेटर असेल तर मागचा आवाज कमी करण्याची एक युक्ती आहे. दोन डबे पुढे तोंड करून आणि एक उलटा ठेवतात, आणि उलट्या डब्याचा सिग्नल उलटा करून किंचित उशिरा सोडतात. मोजमाप नीट जमले तर मागे जाणारा बेस बराच मरतो आणि पुढचा टिकतो. हे प्रोसेसरवर बसवावे लागते. नुसता डबा उलटा फिरवून काही होत नाही, झाला तर पुढचाच बेस बिघडतो. म्हणून ऑपरेटरला हे येते का ते विचारा, येत नसेल तर आग्रह धरू नका.

प्रोसेसर असेलच, तर लिमिटर लावून घ्यायला सांगा. ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारी ही सोय असते. रात्री नऊनंतर चुलत भावंडे मिक्सरभोवती गोळा होतात, तेव्हा तिचा खरा उपयोग. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला की आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात तिखट, वरच्या सुरांची भर पडते, म्हणजे कानाला नेमके नको तेच वाढते. लाल दिवे सतत लुकलुकत असतील तर ऑपरेटरला दाखवा. त्याच्या स्पीकरच्या काळजीपोटी तरी तो आवाज उतरवेल.

जाता जाता, कानाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी, कारण अपघात विभागात त्याही येतात. स्टँडचे पाय पूर्ण उघडलेले हवेत आणि त्यांवर वजन हवे. पंधरा-वीस किलोचा टॉप पोरांच्या धक्क्याने खाली येऊ शकतो. आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून वायरी टाकू देऊ नका. जनरेटरला अर्थिंग केले आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

कोणाला कुठे बसवावे

"आजींना नाहीतरी ऐकू येत नाही, बसवा त्यांना पुढे." हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाहीत हे खरे, पण मोठे आवाज मात्र एकदम अंगावर येतात. मधली पायरीच नाहीशी झालेली असते. आतल्या कानाच्या आजारात हे नेहमी दिसते. शिवाय ज्यांच्याकडे ऐकण्याची पुंजी थोडी उरली आहे, त्यांनी ती आणखी का गमवावी? आजी-आजोबांची खुर्ची टॉपच्या झोताबाहेर, शक्य तितकी लांब आणि बाहेर पडायच्या दाराजवळ असावी. श्रवणयंत्र असेल तर बंद करून डबीत ठेवा आणि कानावर इअरमफ लावा. यंत्र बंद करून कानात तसेच ठेवले तर कान झाकला जातोच असे नाही.

तान्ह्या बाळांना डीजेजवळ नेऊच नये. बाळाची कानाची नळी छोटी असते, त्यामुळे वरचे सूर तिच्यात मोठ्यांपेक्षा जास्त वाढतात, आणि बाळाला "कान दुखतो" असे सांगता येत नाही. गोंगाटात बाळ गाढ झोपले म्हणजे त्याला त्रास होत नाही, असा अर्थ काढू नका. लहान मुलांच्या कानात फोमचे बोळे घालू नयेत, ते काढून तोंडात जातात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे इअरमफ मिळतात, पण तेही थोड्या वेळासाठी. वरच्या वेळांचे गणित मोठ्या माणसांच्या कामाच्या जागेसाठी आहे, मुलांसाठी त्याहून कमीच धरा.

गरोदर बाईने स्वतःच्या कानात बोळे घातले तर तिचे कान वाचतात, पोटातल्या बाळाचे नाही. पोटाच्या भिंतीतून वरचे सूर बरेच अडतात, खालचे सूर मात्र फारसे अडत नाहीत. म्हणजे इथे बेसचाच विचार करायचा. दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. डोहाळजेवणाला डीजे लावायची पद्धत हल्ली दिसते. लावायचाच असेल तर उत्सवमूर्तीची खुर्ची बेसपासून लांब ठेवा आणि बेसच्या डब्याला टेकून फोटो काढू नका.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले शॉक देणारे यंत्र असलेल्यांनी स्पीकरच्या डब्याला छाती टेकू नये, कारण आत मोठे चुंबक असते. हातभर अंतर पुरे. हृदयविकाराच्या रुग्णांबाबत मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या कारणाने. मोठ्या आवाजाने रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढतात, ते एक झाले. पण बेसच्या धडधडीत स्वतःच्या छातीतली धडधड किंवा दाब ओळखूच येत नाही. "डीजेमुळे होत असेल" असे म्हणून माणूस बसून राहतो. आवाजापासून दूर गेल्यावरही छातीत दाब, दरदरून घाम किंवा धाप राहिली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. तरुण, उंच, सडपातळ मुलाला मोठ्या स्पीकरसमोर एकाएकी छातीत एका बाजूला कळ आली आणि श्वास घेताना दुखू लागले, तर तेही मनावर घ्या. अशा वेळी फुफ्फुसातून हवा निसटल्याच्या मोजक्या घटना २००४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या आहेत. हे क्वचितच घडते, पण एका एक्स-रेमध्ये कळते.

राहिला तो स्वतः ऑपरेटर आणि त्याच्याबरोबरची पोरे. पाहुणे वर्षात चार कार्यक्रम ऐकतात, ही मुले मोसमात रोज ऐकतात. त्यांचे ४,००० हर्ट्झजवळचे ऐकणे आधी जाते. मग गाणे त्यांना मंद वाटते आणि ते वरचे सूर आणखी चढवतात. कोणाचा मुलगा या धंद्यात असेल तर त्याला दरवर्षी एक श्रवणचाचणी करायला सांगा आणि चांगले इअरप्लग घेऊन द्या. संगीतकारांसाठी असे प्लग मिळतात, ज्यांतून गाणे नीट ऐकू येते, फक्त आवाज कमी होतो.

मिरवणुकीत

ट्रक किंवा ट्रॉलीवर डब्यांची भिंत रचलेली असते, तिथे ६ डेसिबलचा नियम जवळच्या अंतरात चालत नाही. एवढ्या मोठ्या भिंतीजवळ अंतर दुप्पट करूनही आवाज थोडाच उतरतो. गावातली गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुमजली घरे, म्हणजे आवाजाला जायला जागाच नाही. दोन मंडळांच्या भिंती समोरासमोर थांबून चढाओढ सुरू झाली, तर त्या दोहोंच्या मध्ये उभे राहू नका, मुलांना तर मुळीच उभे करू नका. गल्लीतून बाजूच्या बोळात वळलात की टॉपचा आवाज झपाट्याने कमी होतो. मिरवणूक पाहायचीच असेल तर कोपऱ्यावरून, वळणाआडून पाहा. ढोल-ताशा म्हणजे निरुपद्रवी असेही समजू नका. ताशाच्या जवळ उभे राहिलात तर आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. वाजवणाऱ्यांनी तर सरावालाही इअरप्लग घालावेत.

आवाज किती आहे हे कसे ओळखावे

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल तर ८५ डेसिबल ओलांडले आहेत असे धरा. कानाजवळ तोंड नेऊन ओरडावे लागत असेल तर त्याहून बरेच पुढे गेले आहे. मोबाइलवरची अ‍ॅप्स अंदाजाला ठीक आहेत, पण फोनचा माइक फार मोठ्या आवाजात थकतो आणि आकडा कमी दाखवतो. शिवाय बहुतेक अ‍ॅप्स 'ए' प्रकारची मोजणी करतात. तिच्यात ५० हर्ट्झचा बेस तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. शेजाऱ्याच्या घरात भांडी वाजत असतात आणि मीटर म्हणतो सगळे ठीक आहे, त्याचे एक कारण हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी जी मानके दिली, त्यांत १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नको, असे म्हटले आहे. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. काही मोजक्या सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. घरात आजारी माणूस असेल आणि सांगूनही आवाज थांबत नसेल तर ११२ वर फोन करता येतो.

कापसाचा बोळा कानात घातल्याने समाधान मिळते, संरक्षण जवळजवळ नाही. औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे फोमचे प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबकळणारा प्लग काम करत नाही. तासाभराने दहा-पंधरा मिनिटे आवाजापासून दूर जाऊन या. जेवणाची पंगत डीजेपासून लांब मांडली की ही सुटी आपोआप मिळते. प्यायलेल्या माणसाला आवाजाचा अंदाज राहत नाही, त्याला हाताला धरून मागे आणा.

दुसऱ्या दिवशी

"इतक्या आवाजाने कानाचा पडदा फाटला असेल का?" असे सगळे विचारतात. डीजेने पडदा फाटणे फार दुर्मीळ. पडदा फाटतो तो स्फोटासारख्या धक्क्याने किंवा कानशिलात बसलेल्या चापटीने. डीजेचा मार त्याच्याही आत, शंखाच्या आकाराच्या आतल्या कानातल्या केसपेशींना बसतो. एका कानात त्या साधारण १५ हजार असतात आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. फाटलेला पडदा बरेचदा आपोआप जुळतो, न जुळल्यास शस्त्रक्रियेने बसवता येतो. केसपेशींसाठी अशी शस्त्रक्रिया नाही.

थकलेल्या पेशी मात्र सावरतात. म्हणून दडे आणि शिट्टी पुष्कळदा एका दिवसात जाते. गेली म्हणजे काहीच झाले नाही, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की ऐकणे पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसांत याचा अर्थ काय होतो यावर अजून अभ्यास चालू आहे. गोंगाटात समोरच्याचे बोलणे कळत नाही अशी तक्रार करणाऱ्या, पण चाचणी नॉर्मल येणाऱ्या तरुणांबाबत हीच शंका घेतली जाते.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कानाला विश्रांती द्या. इअरफोन लावू नका. दुसऱ्या दिवशी वरात असेल तर यंदा ती लांबून पाहा. कानात तेल, लसणाचे तेल किंवा आणखी काही टाकू नका. मळामुळे दडे बसले असतील असे समजून काडीने कोरू नका.

दडे किंवा शिट्टी २४ तासांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, भोवळ येऊ लागली किंवा कानातून रक्त किंवा पाणी आले, तर त्याच दिवशी जा. अचानक आलेल्या बहिरेपणात डॉक्टर स्टिरॉइड देऊ शकतात, आणि त्यांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. दोन आठवडे घरगुती उपायांत घालवून आलेल्या रुग्णाला आमच्याकडे देण्यासारखे थोडेच उरते. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण स्टिरॉइडने साखर वाढते. येताना सोबत एवढी माहिती आणा: कार्यक्रम किती तास चालला, तुम्ही स्पीकरपासून साधारण किती पावलांवर होता, कोणता कान स्पीकरकडे होता आणि त्रास कधी सुरू झाला.